गांडुळांच्या आधीचे काम

गांडूळखताविषयी जे काही सांगितले जाते त्याचा सूर बहुधा असा असतो, की शेतातला काडीकचरा आणि शेण एका वाफ्यात भरावे, त्यात गांडुळे सोडावीत, पाणी मारत राहावे आणि दीड-दोन महिन्यांनी काळेभोर, भुसभुशीत खत काढून घ्यावे. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरच्या संत्राबागेत हे खत अनेक वर्षांपासून होत आले आहे. बाग भाऊ सांभाळतो. मी नागपुरात राहते आणि सुटीच्या दिवशी गेले की खताकडे लक्ष देते. एवढ्या काळात माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे, की गांडूळ हा या कामातला शेवटच्या टप्प्याचा कामगार आहे. कचरा कुजवण्याचे अधिक अवघड काम त्याच्या आधी सूक्ष्मजीवांनी आणि ते त्यांच्याकडून करून घेणाऱ्या माणसाने उरकलेले असावे लागते. ते उरकलेले नसेल तर जगातली उत्तम जातीची गांडुळे आणूनही उपयोग होत नाही, आणि आपल्याकडे या प्रश्नाला नागपूरच्या उन्हाळ्याची जोड असल्यामुळे दुर्लक्षाची शिक्षा जरा लवकर मिळते.

आमच्या भागात हिवाळा सरता सरता शेतात बराच माल पडून असतो. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार बहुतेक गुरांच्या तोंडी जाते, त्यामुळे त्याची गोष्ट इथे फारशी नाही. उरतात त्या कपाशीच्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या म्हणजे तुराट्या, गव्हाचे काड म्हणजे गव्हांडा, धुऱ्यावरचे म्हणजे बांधावरचे कापलेले गवत आणि संत्र्याची तोड झाल्यावर झाडावरून काढलेली सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या. पूर्वी पऱ्हाट्या-तुराट्या चुलीला लागत. गॅस आल्यापासून त्यांचे ढीग धुऱ्यावरच पेटवले जातात. शहरात वेगळे चित्र नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ आणि इतर झाडांचा पाला गळू लागला की रस्त्याच्या कडेला सकाळी झाडून गोळा केलेल्या पाल्याला काडी लावलेली दिसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली, तरी धूर काही थांबला नाही. थोडक्यात, कच्च्या मालाची चणचण हा आपला प्रश्न नाही. शेणाची चणचण मात्र आहे, कारण ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातली जनावरे कमी झाली आणि शेणाशिवाय ही सगळी काडी कुजवणे फार जिकिरीचे होते.

आता गांडुळांकडे वळू. सगळी गांडुळे खत करत नाहीत, ही गोष्ट शेतकऱ्यांना सांगितली तर अजूनही आश्चर्य वाटते. गांडुळांचे ढोबळमानाने तीन गट मानतात. पहिला गट जमिनीच्या पृष्ठभागावर, पाल्यापाचोळ्यात राहतो आणि तोच कुजका सेंद्रिय पदार्थ खातो. दुसरा गट मातीच्या आत आडवी बिळे करून मातीच खात फिरतो. तिसरा गट खोल उभी बिळे करतो आणि रात्री वर येऊन पाला खाली ओढून नेतो. खतासाठी उपयोगी पडतो तो पहिला गट. त्यातली आयसेनिया फेटिडा ही तांबूस, पट्टेदार जात सर्वाधिक वापरली जाते. मूळची पश्चिम आफ्रिकेतली युड्रिलस युजेनी ही आकाराने मोठी असते. आणि पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही आपल्या दक्षिण आशियातली. आफ्रिकेतल्या जातीला ऊब मानवते, पण थंडी सोसत नाही, आणि नागपूरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा तिचे काम मंदावते. आयसेनिया थंडीत तग धरते आणि उन्हाळ्यातही, सावली व ओल नीट ठेवल्यास, निभावून नेते. आम्ही तीच ठेवली आहे आणि बदलण्याचे कारण पडलेले नाही.

यातूनच एका गैरसमजाचे मूळ सापडते. पिशवीतून विकत आणलेली गांडुळे थेट शेतात सोडली की ती जमीन नांगरून काढतील, असे काही लोक मनापासून मानतात. आयसेनियाला शेतातल्या निव्वळ मातीत राहायला आवडत नाही. तिला खायला कुजका पदार्थ आणि सतत ओल लागते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्यात ती कशी टिकणार? जमीन खरोखर उलथवणारी गांडुळे आपल्याच मातीतली, स्थानिक असतात. ती उन्हाळ्यात खोल जाऊन निपचित पडून राहतात आणि पाऊस पडला की वर येतात. चार्ल्स डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, गांडुळांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरात वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते असा अंदाज दिला होता. हा दाखला खताच्या पिशव्या विकणारेही हमखास देतात. परंतु डार्विन बोलत होता तो जमिनीतल्या गांडुळांबद्दल. वाफ्यातल्या गांडुळांचा त्या हिशेबाशी संबंध नाही. शेतातली गांडुळे वाढवायची असतील तर मार्ग वेगळा आहे. जमिनीवर पाला ठेवावा, तो जाळू नये, मशागत कमी करावी आणि विषारी औषधांना आवर घालावा, म्हणजे ती स्वतःहून येतात. विकत आणावी लागत नाहीत.

गांडुळाला दात नसतात. तोंडाने ओढून घेतलेला मऊ घास पुढे पेषणीत बारीक मातीच्या कणांबरोबर दळला जातो आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या मदतीने पचतो. म्हणजेच कडक काडी, ताजे हिरवे गवत किंवा गोठ्यातून नुकतेच आणलेले शेण यांतले काहीही त्याला जसेच्या तसे खाता येत नाही. ताज्या शेणाचे तर दुहेरी संकट असते. ते कुजताना तापते आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. गांडूळ त्वचेने श्वास घेत असल्यामुळे या वायूपासून त्याचा बचाव होत नाही. आमच्या सालदाराने गांडूळखतावरचे एकही पत्रक वाचलेले नाही, पण शेजारच्या शेतातला ताज्या शेणाने भरलेला वाफा पाहून त्याने जे म्हटले त्याहून नेमके मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "ताई, हे अजून खत नाही झालं. यात गांडुळं कायले राहतीन?"

म्हणून आधी ढीग लागतो. आमच्या पद्धतीत पऱ्हाटी आणि सल श्रेडरमधून बारीक करून घेतली जाते. साध्या कडबाकुट्टीवर ती नीट तुटत नाही, पाती मात्र बोथट होतात, त्यामुळे ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र एक-दोन दिवस भाड्याने आणणे स्वस्त पडते. बोटाच्या पेराएवढे तुकडे झाले की पुरे. मग तुकड्यांचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर हिरवे गवत किंवा शेंगवर्गीय पिकाचा पाला, पुन्हा तुकडे, अशी छातीएवढी रास रचून ती पाण्याने भिजवायची. इथे कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सांभाळावे लागते. पऱ्हाटीत नत्राच्या तुलनेत कर्ब पन्नास पटींहून अधिक असतो आणि तो कर्ब लिग्निनसारख्या चिवट रूपात असतो. ढीग नीट तापण्यासाठी हे प्रमाण २५ ते ३० पटींच्या आसपास यावे लागते, आणि ते आणायचे तर शेण, हिरवा पाला किंवा गोमूत्र यांपैकी काहीतरी भरपूर घालण्यावाचून इलाज नाही. निव्वळ काड्यांची रास वर्षभर तशीच राहते आणि तिच्यात वाळवी शिरते. निव्वळ हिरव्या गवताची रास दुर्गंधी सोडते आणि चिकट लगदा होऊन बसते.

रास जमली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात घालवत नाही इतकी ऊब येते. चांगल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. ते मोजायला उपकरण नसले तरी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी आणि मुठीत धरून पाहावी. धरवली नाही तर ढीग कामाला लागला असे समजावे. ढीग थंड होऊ लागला की उलथून बाहेरचे आत करायचे, म्हणजे पुन्हा तापतो. ही ऊब मी फार महत्त्वाची मानते, कारण तणाचे बी आणि रोगकिडीचे अवशेष यांचा नाश होतो तो याच टप्प्यात. गांडुळांचा वाफा तापत नाही, तापता कामाही नये. त्यामुळे तणाचे जे बी वाफ्यात जिवंत शिरले ते बरेचसे जिवंतच बाहेर पडते आणि खताबरोबर बागेत पेरले जाते. कपाशीच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या नखरट, म्हणजे अर्धवट उमललेल्या किडक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते, आणि हंगाम संपताच फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचे लांबवलेले पीक, न घेता पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करावे असे वर्धा रस्त्यावरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवली तर अळीची पुढच्या हंगामाची सोय आपणच करून देतो. ती ताबडतोब बारीक करून तापत्या ढिगात गेली तर जाळण्याचे कारण उरत नाही.

संत्र्याच्या सलीबाबत एक सावधगिरी ज्याची त्याने घ्यायची आहे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. आपल्या बागांत डिंक्या आणि फांदीमर या रोगांसाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते आणि खोडांना बोर्डोमलम लावला जातो. त्यात मोरचूद असते, म्हणजे तांबे. तांबे कुजत नाही आणि गांडुळांना ते विषारी असते. मलम लागलेल्या खोडाच्या साली आणि जाड फांद्या आम्ही वाफ्याच्या वाटेला जाऊ देत नाही. नुकत्याच फवारलेल्या फांद्याही पाऊस होऊन जाईपर्यंत बाजूला ठेवतो. तणनाशक मारलेल्या गवतालाही हाच नियम.

आणि संत्र्याची साल? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न आधी पडतो. हिवाळ्यात आणि पुन्हा मार्चमध्ये रसवाल्यांच्या गाड्यांमागे सालींची पोती उभी असतात आणि ती फुकट मिळतात. पण संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन असतो, आणि हे द्रव्य कीटकांप्रमाणे गांडुळांनाही मारक आहे. त्याशिवाय ताजी साल आंबट असते आणि पटकन बुरशी धरते. संत्र्यांच्या गावात राहून गांडुळांना संत्रे चालू नये ही गंमतच म्हणायची. साली पूर्ण वर्ज्य करण्याची मात्र गरज नाही. त्या उन्हात कडक वाळवल्या, किंवा शेणाबरोबर तापत्या ढिगात थोड्या प्रमाणात घातल्या, की तेल उडून जाते आणि दोन-अडीच महिन्यांनी तोच माल गांडुळे निमूटपणे खातात.

ढीग थंडावला, रंग तपकिरी झाला, मूळ वास जाऊन ओल्या मातीसारखा वास येऊ लागला आणि मूळ काडी चुरगळली तर तुटू लागली, म्हणजे माल गांडुळांसाठी तयार झाला. तरीही शंका असेल तर वाफ्याच्या एका कोपऱ्यात मूठभर गांडुळे सोडावीत. ती लगेच आत शिरली आणि दुसऱ्या दिवशीही आतच असली तर बाकीची सोडायला हरकत नाही. कडेने बाहेर निघू लागली तर माल आणखी थांबवावा. बाजारात मिळणारी प्लास्टिकची व्हर्मीबेड असो, विटांचा हौद असो की जमिनीवरचा उघडा वाफा, माझ्या दृष्टीने त्यात फार फरक नाही. रुंदी तीन-चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. उंची दोन ते अडीच फुटांपर्यंत असावी. आणि तळाला पाणी साचू नये. एका चौरस मीटरला अर्धा ते एक किलो गांडुळे पुरतात. किलोत साधारण हजाराच्या आसपास पूर्ण वाढलेली आयसेनिया बसतात, आणि ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा माल रोज खाऊ शकतात असे मानले जाते. सुरुवातीला कमी आणली तरी बिघडत नाही. प्रत्येक गांडुळात नर आणि मादी अशी दोन्ही अंगे असतात, दोघांच्या समागमानंतर दोघेही कोश टाकतात, एकेका कोशातून साधारण दोन-तीन पिल्ले निघतात आणि ती दीड-दोन महिन्यांत वयात येतात. खाणे आणि ओल मिळाली की संख्या आपोआप वाढते.

आता उन्हाळा. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि तसे विक्रमी वर्ष नसले तरी एप्रिलच्या मध्यापासून पारा ४२ ते ४५ दरम्यान राहणे हे आपल्याला नवे नाही. आयसेनियाला १५ ते २५ अंश सुखाचे वाटतात आणि ३५ च्या पुढे ती मरू लागते. या दोन आकड्यांकडे नुसते पाहिले तर नागपुरात उन्हाळी गांडूळखत अशक्य ठरावे. ते शक्य होते याचे कारण आपल्या सर्वांच्या खिडकीला लावलेले आहे. मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली असते आणि इतक्या कोरड्या हवेत ओल्या पृष्ठभागावरून पाणी झपाट्याने उडते, उडताना उष्णता घेऊन जाते. हवा ४४ अंशांची असली तरी सावलीत, वाऱ्यावर ठेवलेले ओले गोणपाट २४-२५ अंशांच्या जवळपास थंड होऊ शकते. कूलरची खस ज्या नियमाने काम करते त्याच नियमाने गोणपाटाने झाकलेला वाफा थंड राहतो, मात्र त्यासाठी पाणी, वारा आणि सावली या तीनही गोष्टी एकाच वेळी हव्यात. पाणी आहे पण वारा नाही, तर वाफा उबतो; सावली नुसत्या टिनाची असेल तर टिन तापून खाली भट्टी करते; आणि गोणपाट दुपारी एकदा जरी कोरडे पडले तरी वरच्या चार बोटांतली गांडुळे गेली म्हणून समजावे.

या कारणाने आमचे वाफे आंब्याच्या जुन्या झाडाखाली आहेत आणि त्यावर तुराट्या व गवताचे छप्पर आहे. पश्चिमेकडून दुपारचे ऊन तिरपे आत येते, म्हणून त्या बाजूला तुराट्यांचा ताटवा उभा केला आहे. उत्तर-दक्षिण बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या. हिरवी शेडनेटही चालते, पण एकेरी जाळीने मे महिन्यात भागत नाही. पाणी सकाळी वाफ्याला आणि दुपारी फक्त गोणपाटाला द्यावे, असे मी आग्रहाने सांगते. दुपारी वाफ्यातच भरपूर पाणी ओतण्याची अनेकांना सवय असते. त्याने वाफा थंड होण्याऐवजी तळाशी चिखल होतो, हवा कोंडते आणि गांडुळे गुदमरून वर, म्हणजे पुन्हा उष्णतेकडे येतात. माल मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये, इतकी ओल पुरे. टाकीतले किंवा उघड्यावरच्या काळ्या नळीतले पाणी दुपारी कढत असते, ते आधी सांडून द्यावे लागते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु नळीतल्या त्या पहिल्या पाण्याने गांडुळे अक्षरशः शिजतात.

मे अखेरचा नऊ दिवसांचा कडक उन्हाळा, म्हणजे नवतपा, संपला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. माझ्या मते खरी काळजी तेव्हा सुरू होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वळवाच्या एक-दोन सरी येऊन जातात, हवा दमट होते, पण तापमान ३८-४० च्या खाली येत नाही. कूलर चालू असूनही घरात घामाघूम व्हायला होते तो हा काळ. गोणपाटावरून पाणी उडत नाही, त्यामुळे वाफा तिशीच्या वर जाऊन राहतो. या दिवसांत आम्ही वाफ्यात नवा माल घालत नाही, थर पातळ करतो आणि गोणपाट रात्रंदिवस अंथरून ठेवण्याऐवजी रात्री काढून हवा लागू देतो. मोसमी पाऊस नीट लागला की हा त्रास संपतो आणि दुसरा सुरू होतो.

पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही, ते अडवावे लागते. काळ्या मातीवर पाणी मुरत नाही, म्हणून वाफा जमिनीपासून उंच, मुरूम किंवा विटांच्या तुकड्यांच्या थरावर असावा आणि भोवती चर खणलेला असावा. तसे नसेल तर झडीच्या दिवसांत रात्रीतून गांडुळे वाफा सोडून जातात. शत्रूही याच काळात वाढतात. लाल मुंग्या, गोम, उंदीर, घूस, आणि दिवसा कोंबड्या व साळुंक्या. मुंग्यांसाठी वाफ्याच्या कडेने हळद टाकतात. आम्ही हौदाभोवती पाण्याची बारीक नाली ठेवतो, ती अधिक खात्रीची. कुठलीही कीटकनाशक पावडर वाफ्याजवळ आणू नये, कारण जे मुंगीला मारते ते गांडुळालाही सोडत नाही.

खत तयार झाले की पाणी चार-सहा दिवस बंद करायचे, म्हणजे वरचा थर सुकतो आणि गांडुळे खाली जातात. वरचा थर हलक्या हाताने काढून सावलीत ढिगारे घालायचे, ढिगाऱ्यातली उरलीसुरली गांडुळे उजेड टाळून तळाशी जमतात, ती पुढच्या वाफ्यात टाकायची आणि खत चाळून घ्यायचे. फावडे किंवा कुदळ वापरू नये. मूळ मालाचे वजन साधारण निम्मे उरते. चाळलेले खत उन्हात वाळवू नये. खत नियंत्रण आदेशातल्या मानकांनुसारही गांडूळखतात १५ ते २५ टक्के ओल अपेक्षित आहे. विकत घेताना पिशवीतला माल पिठासारखा कोरडा किंवा चिखलासारखा ओला असेल, शेणाचा वास येत असेल, किंवा पाण्यात टाकल्यावर तळाशी वाळू बसत असेल, तर तो न घेणे बरे. व्हर्मीवॉश म्हणून वाफ्यातून गाळलेले पाणी विकले जाते. आम्ही ते रोपवाटिकेत पातळ करून देतो, त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

खताच्या किमतीबद्दल भाबडेपणा मात्र मला खटकतो. गांडूळ नत्र निर्माण करत नाही. मालातला कर्ब वायू होऊन उडून जातो, वजन घटते आणि त्यामुळे उरलेल्या खतात नत्राची टक्केवारी वाढलेली दिसते. शेणात आणि काडीत मुळात जेवढे नत्र होते त्याहून जास्त बाहेर येत नाही. मानकानुसार गांडूळखतात किमान १ टक्का नत्र असावे. चांगल्या खतात दीड टक्का धरला तर एका टनात १५ किलो नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्क्यांच्या हिशेबाने २०.७ किलो नत्र असते. म्हणजे एक टन गांडूळखत नत्राच्या बाबतीत युरियाच्या एका गोणीची बरोबरी करत नाही. यावर लगेच कोणी म्हणेल, की मग हा खटाटोप कशासाठी? जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, काळी माती कमी आवळते, पाणी अधिक मुरते, स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये झाडाला सहज मिळतात आणि मुळांभोवतीचे जीवाणू वाढतात, या गोष्टी युरियाच्या गोणीत नसतात. पण म्हणूनच ते कोरडवाहू कपाशीच्या अख्ख्या शेतावर विस्कटणे मला परवडणारे वाटत नाही. तिथे शेणखत किंवा कुजवलेला ढीग जसाच्या तसा टाकावा. गांडूळखत मी रोपवाटिका, भाजीपाल्याचे वाफे आणि संत्र्याची आळी यांच्यासाठी राखून ठेवते.

संत्र्यात ते देण्याची वेळ बहारावर ठरते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरमध्ये ताण देऊन, म्हणजे पाणी बंद ठेवून, जानेवारीत तो तोडतात, मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, एप्रिल-मे महिन्यांत ताण असतो. ताणाच्या काळात आळ्यात ओल धरून ठेवणारे काहीही टाकणे म्हणजे स्वतःच दिलेला ताण स्वतःच मोडणे होय. ताण तोडताना, पहिल्या पाण्याबरोबर, झाडाच्या घेराखाली खत पसरून मातीत हलके मिसळावे. खोडाला ते लागू देऊ नये. बुंध्याशी ओलावा साचला की डिंक्याच्या बुरशीला वाट मिळते.

शहरातल्या मैत्रिणी गच्चीवर हे करता येईल का असे विचारतात. करता येईल, पण नागपूरची उघडी गच्ची मे महिन्यात गांडुळांसाठी शेतापेक्षा वाईट असते, कारण स्लॅब रात्रीही तापलेली असते. जिन्याखालची, उत्तरेकडच्या बाल्कनीतली किंवा तळमजल्यावरच्या झाडाखालची जागा पाहावी. भाज्यांची देठे, चहाचा चोथा, फळांच्या साली, देव्हाऱ्यातली फुले आणि बागेतला वाळका पाला यांचे मिश्रण आधी एका मडक्यात किंवा डब्यात महिनाभर कुजू द्यावे आणि मगच गांडुळांना घालावे. मीठ, तिखट आणि तेल असलेले उरलेले अन्न टाळावे. रविवारच्या पोह्यांवरची तर्री कितीही आवडती असली तरी ती गांडुळांना देऊ नये. कडुनिंबाचा पाला इतर पाल्यात थोडा मिसळून चालतो, एकट्याचा ढीग घालू नये.

गांडुळे विकून जोडधंदा करण्याच्या योजनांविषयीही विचारणा होते. महाग दराने गांडुळे द्यायची आणि वाढल्यावर तीच परत विकत घेण्याचे वचन द्यायचे, असा हा व्यवहार असतो. ज्या प्राण्याची संख्या दोन-तीन महिन्यांत आपोआप वाढते त्याला चढा भाव कोण आणि किती दिवस देणार, हा साधा प्रश्न करार करण्याआधी स्वतःला विचारावा. आम्ही गांडुळे विकत नाही, मागेल त्याला देतो. गेल्या महिन्यात काटोलकडचे एक नातेवाईक काका घमेले घेऊन आले होते. त्यांच्याकडे शेण आहे, विहिरीला पाणी आहे, चिंचेची दाट सावली आहे. पण पऱ्हाटी अजून धुऱ्यावर उभी रचलेली आहे आणि तुकडे करायचे यंत्र ठरलेले नाही. त्यांचे घमेले रिकामेच परत पाठवले. आधी ढीग लावा, पोळा होऊ द्या, आणि दसऱ्याच्या सुमारास ढीग हाताला थंड लागला की मूठभर माल घेऊन या, असे भावाने त्यांना सांगितले आहे. तो पाहून किती गांडुळे द्यायची ते ठरवू.